सदागीर बुवांच्या घरचं जेवण

यमुनाबाईंची हयात कर्वेनगरच्या खानावळीत पोरांना वाढण्यात गेली. पोरं गरम भाकरी हाणून कॉलेजला पळायची आणि यांच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं, तेही गार. याची त्यांनी कधी कुरकुर केली नाही. मनात इच्छा एकच होती. त्यांच्या पंथाचे पहिले गुरू सदागीर बुवा शनिवार पेठेतल्या ज्या घरात राहिले, तिथे जाऊन एकदा पानावर बसायचं. वाशीमला आई सांगायची, बुवांच्या घरी रांधणारीला आधी वाढतात. पण खानावळीला सुट्टी असेल तर ना!

शेवटी गुडघ्यांनीच खानावळ सोडायला लावली. मग खराडीला नोकरी करणाऱ्या सुनेने, रुपालीने, एका रविवारी रिक्षा केली.

घर लहानच होतं. बुवांच्या खडावा आणि घोंगडी बघून दोघी ओसरीवर आल्या. तिथली रीत अशी, की आलेल्याने आधी बसायचं आणि जेवून उठला की पुढच्याला वाढायचं. तशी पाटीही होती. पण यमुनाबाईंना चुलीवरचं पिठलं दिसलं, समोर रिकामी ताटं दिसली, आणि पाटी वाचायच्या आधीच पदर खोचून हातात पळी आली. त्यांनी अख्खी पंगत वाढली, सुनेलाही.

घराची व्यवस्था बघणारे आप्पासाहेब लांबून पाहत होते. पंगत उठल्यावर ते जवळ आले.

"अहो बाई, आपण बुवांकडे जेवायला आलात की नोकरीला?"

लोक हसले. यमुनाबाईंनाही हसू आलं, पण डोळे भरले. एवढी वाट पाहून आलो आणि इथेही पळीच धरली, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

आप्पासाहेबांनी त्यांना पाटावर बसवलं आणि रुपालीकडे पाहिलं. शेवटची जेवून उठलेली तीच होती. घरी जेवण फोनवरून मागवणारी ही पोर. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि पळी घेतली. चटणी उजवीकडे वाढली, भाजी डावीकडे. खानावळीत कुणी असं वाढलं असतं तर यमुनाबाईंनी त्याला उभं सोललं असतं. आता त्या मुकाट जेवल्या.

पिठलं संपत आलं तशी रुपाली वाकली. "आई, अजून वाढू?"

जन्मभर "नको, पुरे" म्हणणारी जीभ सवयीने वळतच होती. यमुनाबाईंनी ताट पुढे सरकवलं.

"वाढ," त्या म्हणाल्या. "गरम आहे तोवर वाढ."