गणपतीकडे तोंड केलं की अँप गप्प

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत तरुणांचा कार्यक्रम जेवणानंतर ठेवणं हा अन्याय आहे. तेव्हाही होता, आजही आहे. जेवणानंतर थांबतं कोण? काका मंडळी पार्किंग लॉटमध्ये, काकू उरलेला मसालेभात डब्यात भरताहेत, आणि आम्ही रिकाम्या खुर्च्यांना गाणं ऐकवतोय! तेव्हा मी वॉटर्लूला शिकत होते, युनिव्हर्सिटीत फीवाढीविरुद्ध पत्रकं वाटत होते. मग या अन्यायाविरुद्ध मंडळातही वाटली. शेवटी सेक्रेटरीकाका वैतागून म्हणाले, "घे, जेवणाआधी दहा मिनिटं. पण तुझ्या त्या खोक्यातून खरखर आली तर आयटम कॅन्सल."

खोकं म्हणजे माझा गिटारचा ट्यूब अँप्लिफायर, थोडक्यात अँप. आत काचेच्या नळ्या, तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की ऐकत नाही. मिल्टनच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दुपारी तो लावला. खरखर तर आलीच, वर घूंऽऽ असा एक आवाज फुकट.

सेक्रेटरीकाका लगेच हजर. वीज कंपनीतून रिटायर झालेला माणूस. "आधी स्पीकर काढ. मग बघू कुठून येतंय ते." म्हणेपर्यंत त्यांनी वायरला हात घातलासुद्धा.

"काका, सोडा! स्पीकर नसताना हा चालू राहिला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो."

"तू मला ट्रान्सफॉर्मर शिकवतेस?"

"हो. अख्ख्या शहराचा तुमचा. हा माझा."

मी अँप बंद करून मागची बाजू पाहिली. आमच्या ड्रमरने स्पीकरला गिटारची वायर जोडली होती. "पिन सेम आहे ना!" ही त्याची बाजू. पिन सेम, पण ती वायर नाजूक. स्पीकरला जाड लागते. जाड लावली, सॉकेटचा सैल नट आवळला. खरखर गेली. घूं राहिली.

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला, तर शांत. वाढवला की घूं. म्हणजे अँप निर्दोष होता, गिटारच हवेतून काहीतरी उचलत होती. ती गळ्यात घेऊन मी स्टेजभर फिरले आणि चोर सापडला: स्टेजच्या कडेचं मखर. सेक्रेटरीकाकूंनी स्वतः कापलेलं थर्मोकोल, त्यावर दिव्यांच्या माळा, आणि माळा मंद ठेवायला डिमर. घूं त्या डिमरची.

"काकू, गाण्यापुरते दिवे बंद करू?"

"गणपतीपुढे अंधार? आरतीच्या आधी? आईला फोन लावू का तुझ्या?"

"मग डिमर काढून फुल लावू?"

"आणि थर्मोकोल वितळलं की तू बस कापत."

पुन्हा फिरले, या वेळी गिटारची दिशा बदलत. प्रेक्षकांकडे तोंड केलं की घूं. गणपतीकडे तोंड केलं की एकदम गप्प.

"हे चालणार नाही," काका म्हणाले. "लोकांनी काय तुमचे खांदे बघायचे?"

"काका, उत्सव कुणाचा? लोकांचा की गणपतीचा?"

पत्रकं लिहून मी एवढं शिकले होते: प्रश्न असा टाकायचा की समोरच्याला उत्तराची लाज वाटावी. काका पाणी प्यायला गेले.

संध्याकाळी बँडमधले आम्ही तिघं गणपतीकडे वळून उभे राहिलो. पहिला सूर लावला, अगदी स्वच्छ. आणि बाजूला खुर्च्या सरकल्या. एक, दोन, मग सगळ्याच. निघाले जेवायला! संतापाने मी मान वळवली.

अख्खा हॉल उभा होता, हात जोडून. आम्ही देवाकडे तोंड केलंय म्हणजे आरती सुरू झाली, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. गाणं मी लिहिलेलं, फीवाढीवरचं. त्यात देवाचं नावही नव्हतं. तरी "फी कमी करा, फी कमी करा" या ओळीला काका डोळे मिटून टाळ्यांचा ठेका धरत होते, आणि काकू तबक घेऊन पुढे येत होत्या. जेवणाच्या टेबलांकडे चिटपाखरू नाही.

दहा मिनिटं संपली. पण आरतीतून निघून जाणार कोण? मी ड्रमरला खूण केली आणि आम्ही पहिल्या कडव्यापासून पुन्हा सुरू केलं.