गोठ्यामागच्या माशा

मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी वीस वर्षं काढली. नोकरी सुटल्यावर आईच्या गावी, कशेळ्याच्या अलीकडे, मामांच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या आणि तिथेच राहायला गेले. मामांकडे सहा मधपेट्या होत्या. त्यांचं बघून मीही शिकले आणि पाच पेट्या ठेवल्या. सगळ्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या रानात झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या माशांच्या.

दुसऱ्याच हिवाळ्यात माझ्या तीन पेट्या गेल्या. आधी माशांची ये-जा कमी झाली. पोळ्याची चौकट उचलून पाहिली, तर तिच्या घरांमधल्या अळ्या सरळ उभ्या मरून पडलेल्या. चिमट्याने एक काढली, तर पाण्याने भरलेल्या इवल्याशा पिशवीसारखी हातात आली. मला शिकवणारे एक जुने मधपाळ खालापूरला राहत. त्यांना फोन केला, तर ते दुसऱ्या दिवशी एसटीने आले. पेट्या पाहून म्हणाले की हा विषाणूचा रोग आहे आणि याला औषध नाही. पण काही पेट्यांतल्या माशा आजारी पिल्लू ओळखतात, घराचं मेणाचं झाकण फोडून ते बाहेर नेऊन टाकतात आणि मग रोग पसरत नाही. अशा माशांची पेटी शोधायची आणि तिच्याच राण्या वाढवायच्या.

शोधायची कशी, तेही त्यांनी दाखवलं. झाकण घातलेल्या घरांचा एक चौकोन घ्यायचा, दहा गुणिले दहा. बारीक टाचणी झाकणातून आत घालून प्रत्येक पिल्लू मारायचं आणि चोवीस तासांनी किती घरं साफ झाली ते मोजायचं. लॅबमध्ये वाढलेल्या मला हे लगेच पटलं. मामांना नाही पटलं. मी टोचत होते तेव्हा ते पाठ करून उभे होते. शेवटी न राहवून म्हणाले, "जित्या पिल्लांना सुई टोचतेस गं. आमी असं कधी केलं नाय."

मी टोचत राहिले. आठ पेट्यांत मिळून आठशे पिल्लं मी त्या दिवशी मारली. संध्याकाळी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामाच माझ्या आधी पेट्यांपाशी आले होते. त्यांची सगळ्यात लाडकी पेटी अंगणातल्या चिकूखाली होती. तिची राणी त्यांनी स्वतः आंब्याच्या ढोलीतून काढून आणलेली. त्या माशा इतक्या गरीब की मामा उघड्या अंगाने पेटी उघडत, आणि मधही तीच सगळ्यात जास्त द्यायची. तिची चौकट वर काढली. टोचलेली बहुतेक घरं तशीच बंद होती. माशा त्यांच्यावरून निवांत फिरत होत्या.

गोठ्यामागच्या पेटीचं नाव काढलं तरी घरात सगळे कपाळाला आठ्या घालत. तिथल्या माशांनी दूधवाल्याला दोनदा पळवलं होतं. मामा ती पेटी कुणाला तरी देऊन टाकणार होते. जाळी, हातमोजे घालून मी तिची चौकट काढली, तरी मनगटावर दोन डंख बसलेच. पण टोचलेल्या चौकोनात चारच घरं भरलेली होती. बाकीची रिकामी, आतून पुसल्यासारखी स्वच्छ. मी दोनदा मोजलं.

मी मामांना सांगितलं की फुलोऱ्यात ही पेटी नवी राणीघरं, म्हणजे राणी वाढते ती घरं, बांधेल, ती इतर पेट्यांत देऊ. पण त्याआधी जुन्या राण्या काढाव्या लागतील. चिकूखालचीही. कारण नवी राणी उडून बाहेर जाते आणि जवळपासच्या कुठल्याही पेटीच्या नरांशी तिचा संयोग होतो. कमजोर पेटीतली जुनी राणी आणि तिचे नर राहिले, तर निवडीचा उपयोग अर्धा.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाकीच्यांचं तुज्या मनासारखं कर. तिला हात लावायचा नाय."

मी लावला नाही. आमचं बोलणं कमी झालं, इतकंच. मामी मधूनमधून भाजी घेऊन येई आणि मामा कसे आहेत ते न विचारताच सांगून जाई.

काटेसावर फुलली त्या सुमारास एका दुपारी मामा माझ्या दारात आले. बसले नाहीत. म्हणाले, "चल जरा." चिकूखाली जाऊन त्यांनी चौकट उचलली. अळ्या उभ्या मेलेल्या होत्या, ओळीच्या ओळी. मी म्हटलं, "मामा, गोठ्यामागे राणीघरं आलीत." ते म्हणाले, "म्हाईत हाय. रोज बघतो."

राणी मी काढते, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "मी आणली तिला. मीच."

शोधायला वेळ लागला नाही. आजारी पेटीतही ती मोठी, काळसर, सावकाश चालत होती. मामांनी तिला दोन बोटांत धरलं, क्षणभर बघितलं आणि बोटं मिटली. मग तिला चिकूच्या मुळाशी ठेवून वर माती ओढली. दुसऱ्या दिवशी गोठ्यामागचं एक राणीघर कापून त्या पेटीत लावलं. दोनेक आठवड्यांनी नवी राणी अंडी घालताना दिसली. बाकीच्या पेट्यांतल्या राण्याही त्याच फुलोऱ्यात बदलल्या.

सगळं जमलं असं नाही. एका पेटीतल्या माशा पुढच्या पावसाळ्यात उडून गेल्या. चिकूखालच्या नव्या माशा जुन्यांसारख्या गरीब नाहीत. मामांना आता सदरा घालावा लागतो आणि मधही थोडा कमी येतो. रोग गेलेला नाही. हिवाळ्यात पेटीच्या दारापुढे फरशीवर ओढून टाकलेल्या अळ्या सापडतात. पूर्वी त्या आतच राहत. चार वर्षांत रोगाने एकही पेटी गेली नाही. हे निवडीमुळे की हिवाळे बरे गेले म्हणून, ते मला छातीठोक सांगता येत नाही.

दर वर्षी टाचणीची तपासणी होते. पिल्लं टोचण्याचं काम माझ्याकडे, मोजण्याचं मामांकडे. अर्धवट उघडलेलं घर मी साफ धरते, मामा धरत नाहीत. यंदा मी एका पेटीचे ब्याण्णव मोजले, त्यांनी एकोणनव्वद. वहीत एकोणनव्वद लिहिले.

गेल्या महिन्यात डोंगरातल्या वाडीवरची एक बाई मामांकडे राणीघर मागायला आली. मामांनी ते दिलं आणि तिला अंगणात बसवून टाचणी कशी धरायची ते दाखवलं. तिने पिल्लं मारायची का म्हणून विचारलं. मामांनी टाचणी तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "मारायला लागतात. पण शंभरच. वर एक नाय."