वॉर्डातला दुसरा इंडियन

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लंडनमधल्या हॅरोजवळच्या एका हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर होते. एका सकाळी सिस्टरने हाक मारली. "डॉक्टर, तुमच्या देशातला पेशंट आलाय. आमच्यापुढे तोंड उघडत नाही. जरा इंडियनमध्ये विचारा ना." इंडियन नावाची भाषा नसते, हे तिला सांगून माझं तोंड दुखलं होतं.

खाटेवर एक गव्हाळ, रुंद चेहऱ्याचा म्हातारा. मी मराठीत विचारलं, "आजोबा, कुठे दुखतंय?" मग हिंदीत. तो हसता हसता खोकला आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "पोरी, मी दुसरा इंडियन."

तो मोहॉक होता, अमेरिका-कॅनडातल्या मूळ रहिवाशांपैकी; गोरे त्यांनाही इंडियनच म्हणतात. बोटीवर काम करता करता इंग्लंडात आला, इथेच लग्न केलं. बायको वारली होती. फुप्फुसं पार गेली होती, आणि हे त्याला आमच्याआधी कळलं होतं.

राउंड संपला की तो मला त्याचं गाव दाखवायचा. ब्लँकेटची मोठी सुरकुती म्हणजे सेंट लॉरेन्स नदी. मधे बेट. बेटावर बहीण, ती कॅनडात. दक्षिणेच्या काठावर चुलतभाऊ, ते अमेरिकेत. त्याचं गाव नदीत घुसलेल्या जमिनीच्या टोकावर, तेही कॅनडात, पण रस्त्याने जायचं तर अमेरिकेतून. बहिणीकडे जेवायला निघालं तरी पुलावर कस्टमवाला विचारणार, कुठले तुम्ही? "आम्ही आधीपासून इथलेच. रेघ नंतर आली," तो चिडून म्हणायचा. पलीकडे कारखान्यांची धुराडी, त्या धुराने बेटावरच्या गाईंचे दात झडलेले. जवळच नदीवर बांध घालून पाण्याच्या पायऱ्या केल्यात, मोठाली जहाजं त्या चढतात, ती बघायला लांबून लोक येतात. "आणि आमचे मासे गेले, ते कोण बघतं?"

टोकावर दगडी चर्च, मागे कबरी. तिथे आईशेजारी त्याला पुरायचं होतं. एवढं एकच त्याने मागितलं. शव तिकडे नेण्याच्या भाड्याची सोय बहिणीने केली होती. मी सिस्टरला सांगितलं, ऑफिसलाही सांगितलं. दोन्हीकडे कामाच्या गडबडीत नुसत्या माना डोलावल्या.

मग मी दोन आठवडे रजेवर गेले. परतले तर त्या खाटेवर दुसराच पेशंट.

"शांतपणे गेला हो," सिस्टर माझा हात धरून म्हणाली. "ऑफिसने विचारलं, इंडियन म्हणजे काय करतात? मी म्हटलं, दहन. सगळं तुमच्या पद्धतीने केलं." तिने कपाटातून एक डबा काढला. "तुम्ही नदीत सोडता ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडणार होते, पण तिचे डोळे भरून आले होते. तिला वाटत होतं, आपण पुण्याचं काम केलं.

डबा मी घेतला. तिकडे बेटावर त्याची बहीण, टोकावरची आईशेजारची जागा खणून ठेवून, वाट बघत होती. तिला मी काय कळवणार होते?