माझ्या नणंदेचे रुसवे

माझ्या नणंदेइतकी रुसणारी बाई कडा गावापासून माजलगावपर्यंत शोधली तरी सापडली नसती, आणि गेल्या तीन वर्षांत तर तिनं भावकीतलं एकही लग्न किंवा बारसं रुसल्यावाचून जाऊ दिलं नाही. एकाच्या पत्रिकेत तिचं नाव मुलीच्या मावशीच्या खाली छापलं म्हणून ती गेली नाही. दुसरीकडच्या बाईनं अक्षता डाव्या हातानं दिल्या म्हणून गेली नाही. तिसऱ्यांनी दिलेल्या मानाच्या साडीचा काठ बोटभरच होता. ज्यांच्या घरी नाव ठेवायला काहीच सापडेना, त्यांच्या आजोबानं कधीकाळी आमच्या बैलाला दगड मारला होता, हे तिला ऐन हळदीच्या दिवशी आठवलं. मग समजूत काढायला माणसं यायची, ही भिंतीकडं तोंड करून बसायची, आणि माणसं चहा पिऊन परत जायची. रुसवा काढायला शेवटी नवरदेव स्वतः आला तरी ही उठायची नाही. "मान न्हाई तितं मी पाय ठेवीत न्हाई," एवढं बोलून ती गप्प.

ती माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, माझ्याच वयाची. नवरा लवकर गेल्यावर ती माहेरी आली आणि आमच्याच अंगणातल्या एका खोलीत राहू लागली. ऐन उन्हाळ्यातसुद्धा खाली खताच्या पोत्याची घडी आणि वर गोधडी घातल्याशिवाय ती बसत नसे, विचारलं तर म्हणायची, "भुईचा गारवा लागतो." हातात पाण्याचा तांब्या कायम. तो ती पीत नसे, सांडत असे. उठताना सांडायची, बसताना सांडायची आणि वर स्वतःच्याच हाताला शिव्या द्यायची, "मेला हात थरथरतोय." खोलीत ऊद तर इतका जाळायची, की हिच्या अंगात येतं असा वाड्यावस्त्यांवर बोभाटा झाला आणि एक बाई अंगारा मागायला आली. हिनं तिलाही हाकललं.

हे सगळं मी पाहत होते, पण म्हातारपणी माणूस असं होतंच म्हणून सोडून देत होते. मग माझ्या नातीचं लग्न ठरलं. ही नात माझी खरी, पण वाढवलेली हिनं. माझा मुलगा आणि सून दर साल दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जायचे, मी त्यांच्या लेकराबाळांच्या भाकरीसाठी त्यांच्याबरोबर जायची, आणि ही पोर शाळेपायी हिच्याजवळ राहायची. लग्न माजलगावला, नवऱ्या मुलाकडं. चार तासांची वाट. सुपारी फुटली त्याच संध्याकाळी बाई रुसल्या. कारण काय, तर चहाची कपबशी तिच्याआधी मुलाच्या मामाच्या हातात गेली. पोरीनं ऐकलं आणि बसकण मारली; बापाचं ऐकून तीही हिला आत्याच म्हणते. "आत्या येनार नसंल तर मी हळद लावून घेनार न्हाई," म्हणाली, आणि ही पोर बोलली की तसंच करते.

मी भांडायच्या तयारीनं नणंदेच्या खोलीत शिरले. ती अंगणात होती. आत कणगीच्या मागं, उजेड नाही अशा जागी, दोरीवर पाच लुगडी वाळत घातलेली. एका बाईला एका दिवसात पाच लुगडी कशाला लागतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती आत आली तशी मी विचारलं, "वन्सं, कवापासून हाय हे?"

"काय कवापासून?"

"लुगडी भिजायचं."

"माझा तांब्या सांडतो."

"तांब्या मागच्या बाजूनं सांडतो व्हय?"

ती खाली बसली. मग म्हणाली, "कुनाला सांगशील तर बग वयनी."

"मी कुनाला सांगू? मला खोकला आला की माझंबी तेच होतंय."

"मग इतकी वर्सं गप कावून बसलीस?"

"तुमी कावून बसलात?"

मग तिनं सांगितलं. लग्नात पंगतीत भिजले तर लेकीबाळींची मान खाली जाईल. त्यापेक्षा भांडखोर म्हटलेलं बरं. आणि यावर तिचा एक उपाय चालू होता: पाणी बंद. दिवसाला एक तांब्या, दुपारनंतर घोटही नाही. ही खोड आम्हा दोघींची उसाच्या फडातली. तरण्यापणी आम्ही दोघी आपापल्या नवऱ्याबरोबर एकाच टोळीत ऊस तोडायला होतो. पुढं गडीमाणसं, मागं गडीमाणसं, आडोसा नाही. म्हणून कामावर निघताना बायका पाणीच पीत नसत आणि दिवसभर कोंडून धरत. तिचा फड सुटून वीस वर्षं झाली तरी नणंद घरात बसून फडातलंच पाणी पीत होती.

तिला मी उपकेंद्रातल्या सिस्टरकडं नेलं. नेलं म्हणजे माझे गुडघे दाखवायला म्हणून नेलं. सिस्टरनं आधी तिला नीट झापलं. पाणी कमी केलं की लघवी जहाल होते, जळजळ होते आणि उलट जास्त वेळा लागते, म्हणाली. तपासात जंतू निघाले, त्याच्या गोळ्या झाल्या. साखर तपासली, ती ठीक होती. सहा वेळचा चहा दोनवर आणला. पाणी थोडं थोडं दिवसभर प्यायचं, पोट साफ ठेवायचं, आणि लागो न लागो, तासातासानं जाऊन यायचं; जमलं की पाव-पाव तास वाढवायचा. आणि वारा सरू नये म्हणून आवळून धरतो तसं आवळायचं, पाच अंक मोजायचे, सोडायचं. दिवसातून तीनदा, दहा-दहा वेळा. "फरक पडायला म्हैना-दोन म्हैने जातील," असंही तिनं सांगितलं.

लग्नाला तेवढेच दिवस होते. नणंदेला घड्याळ कळत नाही, म्हणून आम्ही एसटीवर वेळ बांधली. एक गाडी गेली की एक फेरी. एसटी आली नाही त्या दिवशी पंचाईत. शेवटी पोरीनं मोबाइलवर गजर लावून दिला. आवळायचं काम नणंद कुठंही करायची. पाहुणा बोलत असला की ही मध्येच डोळे वटारून गप्प व्हायची, ओठ हलायचे, पाच झाले की "हां, पुढं बोल." दोन पाहुणे घाबरून लवकर गेले. आत घ्यायला जुन्या सुती लुगड्याच्या घड्या शिवल्या. त्या अंधारात वाळवल्या तर अंगाला खाज सुटते, म्हणून सिस्टरच्या हुकमानं अंगणात उन्हात घातल्या. कुणी विचारलंच तर नणंद म्हणायची, "पायपुसनी हायत." अंग साध्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, खोबरेल लावायचं. रात्रीसाठी बाजेजवळ झाकणाची बादली ठेवली. ती पूर्ण बरी झाली असं मी लिहिणार नाही. पण पाच लुगड्यांचं एक झालं, आणि उदाचा पुडा महिनाभर पुरू लागला.

वऱ्हाडाच्या गाडीत ती दाराशी बसली. बीड सोडल्यावर थोड्या वेळानं तिनं चालकाला हाक मारली, "थांबीव रं." तो म्हणाला, "आजी, पुढं धाबा हाय, तितं थांबू." "धाबा तुला पुढं हाय, मला इतंच हाय," ती म्हणाली. गडीमाणसं मुहूर्त, मुहूर्त करून ओरडू लागली. ती कुणाकडं न पाहता उतरली आणि बाभळीआड गेली. मी उतरले. मग सून उतरली. मग एकीमागं एक, गाडीतल्या सगळ्या बायका. ज्या बाईच्या अक्षता डाव्या हाताच्या ठरल्या होत्या तीही उतरली आणि म्हणाली, "बरं झालं बाई. मी जामखेड नाक्यापासनं दम धरून बसलेय." अक्षता वेळेवर पडल्या. नणंद पंगतीत बसली, पाणी मागून प्यायली.

पाठवणीला पोर तिच्या गळ्यात पडली. आता ही नांदायचा उपदेश करणार म्हणून मी जवळ सरकले, तर ती पोरीच्या कानात सांगत होती, "लागलं की उठायचं बग. सासरा म्होरं बसलेला असू दे, न्हाईतर सगळा गाव बसू दे. कोंडून धरायचं न्हाई." पोरीला रडता रडता हसू फुटलं.

मला हसू आलं नाही. मला पाठवलं तेव्हा आईनं कानात पुष्कळ सांगितलं होतं, हे सांगितलं नव्हतं. सासरी पहिल्या दिवशी बायका तोंड बघायला येत-जात होत्या, आणि मी सकाळपासून ऊन कलेपर्यंत तशीच बसून होते, विचारायचं कुणाला? शेवटी परकर नेसलेली एक पोर पुढं आली, माझा हात धरला आणि सगळ्यांना म्हणाली, "वयनीला आमचं वासरू दावून आनते." गोठ्यामागं मला सोडून ती वाटेवर पाठ करून उभी राहिली, आणि माझं होईपर्यंत तिनं कुणालाही तिकडं फिरकू दिलं नाही. ती हीच. गोठ्यात त्या वर्षी वासरू नव्हतंच.