बार जमला

छापण्याजोगं काही घडत नाही, तिथंच सांगण्याजोगं फार घडतं. गडचिरोलीतला आमचा गिटारचा क्लास तसाच. उभा जन्म बातमीदारीत, भांडण्यात गेला. पण एवढा ऐवज कुठल्या सभेत मिळाला नाही.

मी गेलो लेकीपायी, श्रावणीपायी. ती बुद्धपौर्णिमेला विहारात पहिल्यांदाच एकटी गाणार होती, साथीला फक्त माझी गिटार. तिच्या सुरात 'एफ' हा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा जोड, टळत नव्हता. त्यासाठी पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं. याला म्हणतात बार कॉर्ड. मी दाबला की नुसतं 'खट्ट' वाजायचं.

*

"दारूबंदीच्या जिल्ह्यात बार शिकवता?" पहिल्याच दिवशी मी विशालसरांना खडसावलं. "आणि एका बोटावर सहा तारा? ही तर एका मास्तरावर सहा वर्गांची शाळा झाली. लिहीन मी यावर."

सर म्हणाले, "लिहा भाऊ. पण आधी नखं कापून या."

*

माझ्या शेजारी आलापल्लीचे गेडामभाऊ, रिटायर्ड फॉरेस्ट गार्ड. ते गिटारची मान आवळूनच धरायचे.

"भाऊ, लाकूडचोर पकडून राह्यले का?" सरांनी विचारलं.

"चोर तरी बोंबलते, सर. हे तार त काईच बोलत नाई."

*

एकदा बाजारात मी गेडामभाऊंना फोनवर सांगितलं, "आज बार जमला नाही. उद्या दोघं बसू." शेजारणीने ऐकलं. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली.

बायको म्हणाली, "दारूवाल्यांच्या विरोधात लिहून लिहून आता हे?"

मी तावातावाने गिटार काढली आणि तिला एफ वाजवून दाखवला.

तिने ऐकून घेतलं. "आता त पक्कंच वाटते, पिऊनच आले तुमी."

*

कार्यक्रम जवळ आला, तरी 'खट्ट' जाईना. मी श्रावणीला म्हटलं, "सूर बदल ना."

"कलेक्टरले जाब विचारता बाबा, आन एका बोटाले भेता काऊन?"

*

पौर्णिमेला विहार भरलेला. दाराशी बंदोबस्ताचा हवालदार डुलक्या घेत होता. श्रावणी त्या ओळीवर आली. मी बोट आडवं टाकलं.

सहाही तारा वाजल्या. स्वच्छ.

श्रावणीने गाता गाताच मागे वळून पाहिलं आणि हसली. गाणं संपलं, टाळ्या थांबल्या, आणि पहिल्या रांगेतून गेडामभाऊ उठून ओरडले, "जमला! भाऊचा बार जमला!"

हवालदार खडबडून उभा राहिला.

"कुठी?"