बिनसाखरेचा चहा

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा धापा टाकत बसले होते. फुफ्फुसांचं जुनं दुखणं.

"दम किती वाढलाय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"थोडासाच."

त्यांच्यासोबत आलेल्या आजी हळूच म्हणाल्या, "सकाळी चहात साखर घालायची राहिली, तरी हे काही बोलले नाहीत."

बाईंनी बोटाला यंत्र लावून पाहिलं आणि लगेच इंजेक्शन देऊन मास्कमधून औषधाची वाफ सुरू केली.

दुखणं उसळलं की डॉक्टर त्याला सौम्य, मध्यम, तीव्र म्हणतात. घरच्यांना ते कळतं माणसाने कुरकुर सोडली यावरून. माझी कुरकुर कोणी इतकी लक्षात ठेवत असेल का, कोण जाणे.

बऱ्याच वेळाने मास्क निघाला. आजोबांनी सावकाश श्वास घेतला.

"अगं, सकाळी चहात साखर नव्हती."

"विसरले खरी," आजी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या.