लांबचा पक्षी सोडायचा

१७ मे, रविवार. मागच्या दारी बादली घेऊन बसले होते आणि दोन लाव्यांची पिसं काढत होते. लावे मी मारलेले नव्हते. ज्याने मारले तो आदल्या दिवशी दुपारीच निघून गेला होता. जाताना म्हणाला, "वहिनी, तेवढं साफ करून ठेवा, उद्या आम्ही जेवायलाच येतो. मला ते रक्तबिक्त बघवत नाही."

गोळी घालताना बघवतं, हे मी तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं.

पण माझा राग पिसांवरून नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक परवान्याच्या खात्यातली बाई माझ्या घरी येणार होती. त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता आणि त्यात रेफरी, म्हणजे ओळखीची ग्वाही देणारी, म्हणून माझं नाव दिलं होतं. हा माणूस भरवशाचा आहे, याच्या हातात बंदूक द्यायला हरकत नाही, एवढं मी सांगायचं होतं. आदल्या दिवसापर्यंत सांगितलंही असतं.

तो माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला. पुण्याहून आलेला, चाळिशीचा, सॉफ्टवेअरमधला. हुशार आहे, गप्पिष्ट आहे, मंडळाच्या गणपतीचं सगळं ध्वनिक्षेपण एकटा सांभाळतो. हॅमिल्टनमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत बंदुकीचा परवाना असलेली मी एकटीच, म्हणून तो माझ्याकडे आला.

मी नऊ वर्षं शिकार करते. मला एका शेतकरणीने शिकवलं. तिच्या गायींचं दूध आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये तपासायला यायचं, त्यावरून ओळख झाली. सत्तरीची बाई, एकटी डोंगरउताराचं शेत सांभाळते. पहिल्या वर्षी तिने मला बंदूक हातात दिलीच नाही, नुसतं तिच्या मागून चालायला लावलं. दुसऱ्या वर्षी दुकानात नेलं आणि म्हणाली, डोळे मीट, बंदूक खांद्याला लाव, आता उघड. डोळे उघडल्यावर नळीची पट्टी सरळ तुझ्या नजरेखाली असली पाहिजे. मान वाकवावी लागली तर ती बंदूक तुझी नाही, कितीही सुंदर असली तरी. अकरा बंदुका तशा लावून पाहिल्या. शेवटी वीस बोअरची हलकी दुनळी घेतली, तिचाही दस्ता माझ्या हाताला लांब होता, तो कापून घेतला. दिवसभर टेकाडं चढायची असतात, जड बंदूक दुपारनंतर खांद्याला नीट लागत नाही आणि मग माणूस घाईघाईत वाईट नेम धरतो.

हे सगळं मी त्याला सांगितलं. नळीच्या तोंडाशी पेचाने बसवतात त्या चोकचंही सांगितलं. चोक जितका घट्ट तितके छर्रे जास्त लांबपर्यंत एकत्र राहतात. पण लावा किंवा कोंबड्याएवढा फेझंट कुत्र्यासमोरून वीस-पंचवीस मीटरवर उडतो, तिथे मोकळा चोकच हवा. घट्ट चोकने एक तर चुकतो, नाही तर पक्ष्याचा खिमा होतो. पस्तीस मीटरच्या पुढचा पक्षी सोडायचा. बसलेला, पळणारा मारायचा नाही. फेझंटमध्ये आमच्या भागात फक्त नर. मारलेला पक्षी सापडेपर्यंत दुसरी गोळी नाही.

त्याने सगळं लिहून घेतलं आणि घरी जाऊन स्प्रेडशीट केली.

आमच्या लोकांची ही खोड मी अठरा वर्षं पाहतेय. गाडी, घर, मुलांची शाळा, फ्रीज, सगळं स्प्रेडशीटमधून. अठ्ठावीस बंदुका, बारा रकाने, प्रत्येक रकान्याला वजन. सर्वांत जास्त वजन 'पल्ल्या'ला. त्यात अर्थातच बारा बोअरची (आकडा लहान तितकी नळी रुंद), लांब नळीची, घट्ट चोकची, मोठ्या काडतुसाची बंदूक पहिली आली. ती बदकांसाठी असते. त्याने मला फाइल पाठवली आणि खाली लिहिलं, 'साठ मीटर, वहिनी!'

मी विचारलं, "खांद्याला लावून पाहिलीस?"

"तो रकाना सब्जेक्टिव्ह आहे, म्हणून काढून टाकला."

दुकानदाराला त्याने ती बाजूला ठेवायलाही सांगून टाकलं होतं. परवाना आला की घेणार होता. तोवर कायद्याप्रमाणे परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली त्याला माझी बंदूक वापरता येते. थेट म्हणजे हाताच्या अंतरावर, आणि माझ्या स्वतःच्या हातात बंदूक नाही. म्हणून शनिवारी मी त्याला शेतकरणीच्या शेतावर घेऊन गेले. माझ्याकडे एक शिट्टी, एक काठी आणि माझी स्पॅनियल कुत्री.

फाटकाशीच सांगून ठेवलं. समोरच्या टेकडीची उघडी धार दिसतेय ना, तिच्यावरून गोळी झाडायची नाही. पलीकडे काय आहे ते दिसत नाही. पलीकडे शेतकरणीचं वासरांचं कुरण आहे आणि ती या वेळेला तिथेच असते. मी 'सोड' म्हटलं की नळी जमिनीकडे. परत म्हणवून घेतलं. त्याने म्हटलं, हसून म्हटलं, पण म्हटलं.

सकाळ चांगली गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. कुत्रीने नेच्यांतून लाव्यांचा थवा उठवला. त्याने दोन पाडले, दोन्ही स्वच्छ, दोन्ही उडताना. नजर आहे त्याची. मी पाठ थोपटली. फेझंटची मादी उठली तेव्हा मी 'मादी' म्हणायच्या आत त्याने नळी खाली घेतली. मला वाटलं, हा शिकेल.

साडेअकराच्या सुमाराला गॉर्सच्या काटेरी झुडपांमागून एक नर उठला. लांब होता, पन्नास मीटर तरी. वळून सरळ धारेकडे निघाला. मी म्हटलं, "लांब आहे, सोड."

त्याने बंदूक वर घेतली.

"सोड म्हटलं ना." मी हात पुढे केला.

दोन्ही नळ्या झाडल्या. पक्षी डगमगला, एक पाय खाली लोंबला, आणि तसाच तरंगत धारेपलीकडे गेला.

मी बंदूक काढून घेतली, उघडून मोकळी केली आणि धार चढले. शेतकरीण कुरणाच्या दुसऱ्या टोकाला होती, नशिबाने. नशिबाने, हा शब्द मला बंदुकीच्या बाबतीत चालत नाही.

वर येऊन तो काय म्हणाला? "तुमची वीस बोअर कमी पडली वहिनी. माझी असती तर तिथेच पडला असता."

मी फक्त म्हटलं, शोध. दहा मिनिटं त्याने काठीने झुडपं हलवली. मग घड्याळ पाहिलं. त्याला तीन वाजता मंडळाच्या नाटकाची तालीम होती. "वहिनी, मेला असेल तो. निसर्गातच आहे, काहीतरी खाईलच की त्याला." गाडीत जाऊन बसला. कुत्री आणि मी सव्वादोनपर्यंत शोधत होतो. गॉर्सने तिच्या कानांतून रक्त काढलं. पक्षी सापडला नाही. गाडीशी आले तर हा फोनवर, लाव्यांचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकून झालेला, खाली त्रेचाळीस अंगठे.

रविवारी दुपारी शेतकरणीचा निरोप आला. तुझा नर सकाळी पाण्याच्या टाकीखाली सापडला, जिवंत होता, मी मान मुरगळली. एवढंच. माझ्यावर एक शब्द नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सहाला तो आणि त्याची बायको जेवायला आले. तिने श्रीखंड आणलं होतं. माझ्या नवऱ्याने मला स्वयंपाकघरात आधीच गाठून सांगितलं होतं, "उद्या काय ते बोल, पण वाकडं घेऊ नकोस. रोज त्याचं तोंड बघायचंय मला."

"मग बघ. बंदूक घेऊन तुझ्यासमोर चालत नाहीये तो."

जेवताना मी शेतकरणीचा निरोप वाचून दाखवला.

तो म्हणाला, "मग सापडला ना? स्वीट अ‍ॅज, झकास."

मी चमचा खाली ठेवला. "वीस तास तो एका पायावर होता."

"वहिनी, तुम्ही पण ना. कोंबडी काय आनंदाने मरते का? तुम्ही अचानक जैन झाल्यासारखं करताय."

माझा नवरा हसला. त्याचा राग मला अजून आहे.

"कोंबडीचं नाही," मी म्हटलं. "मी सोड म्हटलं आणि तू झाडलीस. धारेवरून. शेतकरीण कुरणाच्या अलीकडच्या टोकाला असती तर?"

"नव्हती ना पण."

"तुला माहीत होतं नव्हती म्हणून?"

त्याच्याऐवजी त्याची बायको बोलली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, मला ताई म्हणते. "ताई, उद्या ती बाई येतेय ना? तुम्ही हे सगळं तिला सांगणार नाही आहात ना?"

"विचारलं तर सांगेन."

"तुमच्या सासूबाईंच्या व्हिसाच्या वेळी मी पत्र दिलं होतं. पाच वर्षं ओळखते असं लिहिलं. दोनच वर्षं झाली होती तेव्हा. मी विचारलं का काही?"

हे खरं आहे. आणि इथेच मला सर्वांत जास्त राग येतो, माझाही. आम्ही इथे एकमेकांची पत्रं लिहून जगलो. भाड्याच्या घरासाठी, नोकरीसाठी, जोडीदाराच्या व्हिसासाठी. कोणी मागितलं की नाही म्हणायचं नाही, आपला माणूस आहे, दोन ओळींनी काय बिघडतं. ज्यांच्या घरात मी कधी पाऊल ठेवलं नाही त्यांची घरं अत्यंत नीटनेटकी असल्याचं मी तीनदा लिहून दिलंय. नव्याने आलेल्याला इथे कोण ओळखतं? आपणच ओळखायचं असतं. त्या पत्रांची मला लाज वाटत नाही. पण त्याची सवय इतकी झाली की त्याने अर्जात माझं नाव घातलं तेव्हा मला विचारलंही नाही. नंतर मेसेज आला, 'तुमचं नाव टाकलंय, फोन आला तर बघा जरा.' आणि मी अंगठा पाठवला. तेव्हा तो एकदाही माझ्याबरोबर शेतावर आलेला नव्हता.

"घरभाड्याचं पत्र असतं तर आत्ता लिहून दिलं असतं," मी तिला म्हटलं. "हे बंदुकीचं आहे."

"म्हणजे आपल्याच माणसाचं तुम्ही—"

"तुझ्या घरात ती बंदूक राहणार आहे. त्या परवान्याच्या बाईने तुलाही विचारलं असेल ना? तू काय सांगितलंस?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "शांत स्वभावाचे आहेत म्हटलं."

"आहेच तो शांत. कालही शांतपणेच झाडली."

लावे कोणी फारसे खाल्ले नाहीत. श्रीखंडाचा डबा ती न उघडताच परत घेऊन गेली. दारात तो म्हणाला, "विचार करा वहिनी," आणि माझ्या नवऱ्याला, "चल रे, उद्या भेटू." नवरा भांडी घासून तसाच झोपायला गेला.

सोमवारी सकाळी लॅबला उशिरा येते म्हणून कळवलं. दहाला ती बाई आली, 'किया ओरा' असा इथला नमस्कार करून, बूट दाराशी काढून आत आली. पन्नाशीची, मोजकं बोलणारी. चहा घेतला. किती वर्षं ओळखता, दारू किती पितो, राग आल्यावर काय करतो, घरात काही वाद, सगळं विचारलं. खरी उत्तरं दिली, आणि त्यांतली बहुतेक त्याच्या बाजूचीच होती. मग तिने विचारलं, त्याच्याबरोबर शिकारीला जायला तुम्हाला सुरक्षित वाटतं का?

मी म्हटलं, आज नाही. शनिवारचं सगळं सांगितलं. धार, अंतर, मी दोनदा सोड म्हटलं ते, दोन्ही नळ्या. पक्षी टाकून गाडीत बसला तेही. हेही सांगितलं की देखरेख माझी होती, बंदूक माझी होती, एका वेळी एकच काडतूस द्यायला हवं होतं आणि मी दोन दिली. तिने तेही लिहून घेतलं. माझ्या परवान्याचं यामुळे काय होईल ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

ती गेल्यावर मी त्याला फोन केला. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको होतं.

"सांगितलं मी," म्हटलं. "सगळं. तुझ्या नेमाचंही चांगलं सांगितलं."

तो म्हणाला, "परके बरे, वहिनी."

"असतील. पुढच्या वर्षी मे महिन्यात हंगामाला यायचं असेल तर ये. बंदूक मिळणार नाही. कुत्रीमागून चालायचं आणि पक्षी शोधायचे."

त्याने फोन ठेवला. मी शेतकरणीला फोन लावला, तिने तो उचलला नाही, दूध काढायची वेळ नव्हती तरी. मग गाडी काढली आणि कामाला जायच्या आधी तिच्या फाटकावर गेले, समोर उभं राहून माफी मागायला.